चिखलातले पाय

नाशिकरोड,
५ जानेवारी

ती. सहादूकाकांना अंजलीचा सविनय जय भीम.

काका, तो दादा नव्हता.

तुमच्याकडे मोबाईल नाही, आणि घरच्या फोनवर तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही नुसतं "हां हां, बरं बरं" म्हणता आणि मला कळतं की एक अक्षरही ऐकू गेलेलं नाही. म्हणून लिहिते.

पिंपळगाव बसवंतहून कुणीतरी फोटो पाठवला होता. द्राक्षांच्या पॅकहाऊसबाहेर एक माणूस झोपतो, दाढी वाढली आहे, कुणाशी बोलत नाही, अंगात पिवळा शर्ट. दिवाळीनंतर घरातून गेला तेव्हा दादाच्या अंगात पिवळाच शर्ट होता. दादासारखी भुवईवर खूणही दिसत होती. मी शाळेच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाले. आईला सांगायला नको होतं, पण सांगून बसले. तिने मटकीची उसळ आणि भाकरीचा डबा भरून दिला.

टेम्पोंच्या रांगेमागे तो पाठमोरा बसला होता. मी "दादा" म्हणून अशी ओरडले की हमाल थांबून बघायला लागले. तो वळला. कुणा दुसऱ्याच घरचा माणूस होता, काका. डबा मी त्यालाच दिला. अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर त्याने मला विचारलं, "ताई, तुमचं कोन हरवलंय?"

घरी आले तर आई दारात उभी. माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मागे कोण येतंय ते बघत होती.

डॉक्टर म्हणतात, गोळ्या बंद होऊन फार दिवस झाले, जितका उशीर होईल तितकं त्याला परत माणसात आणणं अवघड जाईल. मोबाईल तर तो घरीच चार्जिंगला लावून गेला. पोलिसांत तक्रार दिली आहे, फोटो सगळीकडे फिरतोय, आणि लोक रोज मला फोटो पाठवतात. मी ते मोठे करून बघत बसते. सगळेच दादासारखे दिसतात आणि एकही दादा नसतो. तुम्ही आणि तो पाण्याकाठच्या त्या एकसारख्या करड्या पाखरांची नावं मैलभरावरून सांगायचात. ते कसं करता, मला शिकवा. माझा भाऊ कसा दिसतो तेच मला आता नीट आठवेनासं झालंय.

तुमची,
अंजली


इगतपुरी,
९ जानेवारी

चि. अंजूस जय भीम व आशीर्वाद.

ऐकू येत नाही हे कबूल. कानातलं यंत्र लावलं तर ते शिट्ट्या मारतं. सगळी नोकरी लोको शेडमध्ये गेली, तिथे इंजिनांच्या शिट्ट्या ऐकल्या, आता निवृत्तीनंतर ह्याच्या ऐकायच्या! त्यापेक्षा पत्र बरं.

राकेशला पाखरांचा नाद मी लावला असं तुझी आई म्हणते. खरी गोष्ट वेगळी आहे. पाण्यावरचे पक्षी निम्मे तरी आवाजावरून ओळखायचे असतात आणि माझे कान गेले होते, म्हणून मी त्याला बरोबर न्यायला लागलो. तो ऐकायचा, मी बघायचो. दोघांचा मिळून एक धड पक्षिमित्र होत होता. तो गेल्यापासून मी अर्धाच फिरतो आहे, पोरी.

आता तुझा धडा. ज्या दोन पाखरांवरून मी त्याला शिकवलं त्यांच्यावरूनच तुला सांगतो. एक हिरवपाया आणि एक दलदली तुतवार. दोघेही हिवाळ्यात येतात, दोघांची पाठ करडी, पोट पांढरं, पाय हिरवट आणि लांब. नवशिका माणूस रंग बघतो आणि फसतो. तूही पिवळा शर्ट बघितलास. रंगावर जायचं नाही. पायांवर तर मुळीच नाही. चिखलात उभ्या असलेल्या पाखराच्या पायांना स्वतःचा रंग नसतो, चिखलाचा असतो.

चोच बघायची. हिरवपायाची चोच जाड आणि टोकाशी किंचित वर वळलेली. दलदली तुतवाराची सुईसारखी बारीक आणि सरळ. मग चाल बघायची. हिरवपाया पाण्यातून माशामागे धावतो, दलदली तुतवार हलक्या पावलांनी टिपत टिपत जातो. आणि कुठल्याही एका खुणेवर नाव द्यायचं नाही.

ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. ऊन पाठीवर घ्यायचं. सूर्य समोर असला की पाखरू नुसतं काळं दिसतं. कितीही लांबचा वळसा पडो, सूर्य आणि पाखरू यांच्या मध्ये जायचं, उकिडवं बसायचं आणि मगच बघायचं. राकेशला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि पठ्ठ्या लोकांच्या गव्हातून एवढाले वळसे घालायचा की शिव्या मला खाव्या लागायच्या.

राकेशची खूण म्हणजे त्याची चाल. लहानपणी सायकलवरून पडला तेव्हापासून उजवं पाऊल बाहेर टाकतो. इथल्या फलाटावर कितीही गर्दी असो, मी त्याला पायांवरून हेरतो. फोटोत चाल दिसत नाही. तेव्हा फोटो बघणं बंद कर, व्हिडिओ मागव.

जाताना तो माझी दुर्बीण घेऊन गेलाय. म्हणजे पाण्यापाशीच असणार. मी इकडच्या धरणांच्या कडेकडेने रोज फिरतोय. तुझ्या आईला, चांगुणावहिनीला सांग, ताटावर बसून नुसतं रडायचं नाही, जेवायचं.

तुझा,
सहादूकाका


नाशिकरोड,
२७ जानेवारी

ती. काकांना जय भीम.

मागच्या आठवड्यात पोलिसांचा फोन आला. एका बेवारस माणसाला बघायला बोलावलं होतं. आईला मी "शाळेत तपासणी आहे" असं सांगून गेले. हे तुम्हीही तिला कधी सांगू नका.

चादर बाजूला केली तेव्हा मी आधी पाय बघितले. तुम्ही सांगितलेलं डोक्यात होतं. पण निजलेल्या माणसाला चाल कुठली असते, काका? मग चेहरा बघितला. तो नव्हता. मी "नाही" म्हणाले आणि मला आनंद झाला. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की रडूच कोसळलं. तोही कुणाचातरी भाऊ असेलच ना. अजून कुणी त्याला "हो" म्हणायला आलेलं नाही.

रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आले. दादा तिथे सापडेल अशी आशा नव्हती, तिथे त्याला सगळे ओळखतात. पण घरी बसवेना. मनोऱ्यावर एका मुलीने मला तिची दुर्बीण दिली आणि मी तुमचे दोन्ही पक्षी शोधले. चार वेळा हिरवपाया म्हणाले, चारही वेळा तो दलदली तुतवार निघाला. संध्याकाळपर्यंत मात्र फरक कळायला लागला. एकदा ती सुईसारखी चोच दिसली की मग दुसरं काही बघावंच लागत नाही.

दादा असता तर त्याने मला चार वेळा झापलं असतं. तुम्हाला आठवतं, आपण त्याच्यासाठी देवळाली कॅम्पला मुलगी बघायला गेलो होतो? मुलीच्या वडिलांनी कौतुकाने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं आणि म्हणाले, "आमच्याकडेही पाखरं आहेत, हा बघा बगळा." आणि आपला नवरदेव म्हणाला, "बगळा नाही, शेकाट्या." तिथेच थांबावं ना! तर पोहे गार होईपर्यंत शेकाट्याचे लाल पाय आणि बगळ्याचे काळे पाय. मुलगी हसत होती, वडील नव्हते. स्थळ गेलं. घरी येताना आईने विचारलं, गप्प बसायला काय झालं होतं तुला? तर म्हणाला, "चुकीचं नाव ऐकलं की मला आतून टोचतं."

आजार बळावला तेव्हा तो आमच्याशी बोलेनासा झाला, तरी एवढं मात्र शेवटपर्यंत होतं. आई मुद्दाम पारव्याला कावळा म्हणायची, त्याने काहीतरी बोलावं म्हणून.

काका, मला खरं सांगा. तुम्हाला वाटतं का तो आहे?

अंजली


इगतपुरी,
२० फेब्रुवारी

चि. अंजूस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळत होतो म्हणून पत्राला उशीर झाला. मला वाटतं तो आहे. पण भीती एका गोष्टीची वाटते. ही पाखरं आता चरून चरून जड व्हायला लागली आहेत. मार्चात उत्तरेकडे निघतील आणि पाणी रिकामं होईल. आज तो कुठेतरी पाण्याला धरून असेल, तर त्यांच्यासाठी. ती गेली की त्याला धरून ठेवणारं काही उरणार नाही. मग समोर येईल त्या गाडीत बसेल, आणि मग आपण कुठे शोधायचं?

परवा दारणा धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर गेलो होतो, अस्वलीच्या बाजूने. पाणी उतरलंय, चिखल चांगला मोकळा झालाय, पाखरंही पुष्कळ. एका मेंढपाळाने सांगितलं की एक वेडा माणूस इथे फिरतो. मी धावतच खाली उतरलो. सकाळची वेळ, ऊन डोळ्यांवर, दुर्बीण नाही. लांब चिखलात एक माणूस चालताना दिसला.

तो राकेश नव्हे. तुझ्या जिवाला उगाच टांगणी नको म्हणून लगेच लिहून टाकतो. हा अगदी काडी होता, आपला राकेश गोळ्यांनी सुटलेला. गळ्यात दुर्बीण नव्हती. आणि मुख्य म्हणजे चाल त्याची नव्हती. दोन्ही पावलं सरळ, सावकाश उचलून टाकत होता. मी नीट बघितलं, उजवं पाऊल एकदाही बाहेर गेलं नाही.

तरी हाक मारली. त्याने वळूनही पाहिलं नाही. माणसांना भिणारा असावा, कारण सरळ न जाता तो पाण्याला लांबलचक वळसा घालून पार पलीकडे गेला आणि तिथे उकिडवा बसून राहिला, पाण्याकडे तोंड करून. मासे धरत असेल. मी पुढे जायला बघितलं, तर पाय रुतला आणि गुडघा पिरगळला. त्या मेंढपाळानेच वर ओढून काढलं. आता गुडघा भोपळ्याएवढा झालाय आणि मी खाटेवर. शेजारचा निवृत्ती त्याच्या गाडीतून डॉक्टरकडे नेऊन आणतो.

धरणं फिरणं बंद पडलं याचं सगळ्यात वाईट वाटतं. घरात बसून नुसता खिडकीतून फलाट बघतो.

सहादूकाका


नाशिकरोड,
२४ फेब्रुवारी

काका,

तो दादाच आहे.

तुमचं पत्र काल आलं. वाचलं, "राकेश नव्हे" एवढंच डोक्यात शिरलं, आणि मी ते उशाखाली ठेवून दिलं. आज ऑफिसात बसल्या बसल्या एकदम अंगावर काटा आला. तो माणूस पाण्याला वळसा घालून पलीकडे गेला आणि उकिडवा बसला. सकाळची वेळ होती, ऊन तुमच्या डोळ्यांवर होतं. म्हणजे पलीकडे गेल्यावर ते त्याच्या पाठीवर आलं असणार! मासे धरणारा माणूस ऊन बघत नाही, काका. जिथे मासे तिथे तो जाळं टाकतो. एवढा वळसा घालून सूर्य आणि पाखराच्या मध्ये कोण जाऊन बसतं? ज्याला तुम्ही शिकवलं तो.

आणि चाल! चिखलातल्या पाखराच्या पायांना स्वतःचा रंग नसतो हे तुम्हीच लिहिलंत. मग चिखलातल्या माणसाला स्वतःची चाल कुठून असणार? गुडघाभर चिखलातून पाय उपसायचा तर सगळेच सरळ उचलतात. आणि गोळ्या सुटल्या, खायला नाही, तर काडी होईल नाही तर काय होईल?

रागावले नाहीये. घाईघाईत लिहितेय, म्हणून तसं वाटेल. पण त्या दिवसाला आता आठवडा होत आला. निवृत्तीभाऊंना फोन केलाय, ते उद्या सकाळी गाडी घेऊन अस्वली स्टेशनवर येतील. मी पहिल्या पॅसेंजरने निघते. तुम्ही खाटेवरून हलायचं नाही. ही चिठ्ठी आत्ताच्या पॅसेंजरला तुमच्या ओळखीच्या गार्डकडे देते.

आईला काही सांगितलेलं नाही. डबा मात्र मी स्वतः भरून घेतलाय.

अंजू


इगतपुरी,
२६ फेब्रुवारी, सकाळ

अंजू,

तुझी चिठ्ठी आली तेव्हापासून मी बसलेला नाही आणि उभाही राहू शकत नाही.

तो माझ्या समोर होता. मी रोज ज्याला सांगायचो की ऊन पाठीवर घे, त्याच्याकडे मी तोंडावर ऊन घेऊन बघितलं आणि ठामपणे "नाही" म्हणालो. वर तुला ते कळवलं. आयुष्यात इतकी मोठी चूक केली नाही. तो तिथून उठून गेला असेल तर मी काय करू?

निवृत्ती काल गेला तो अजून आलेला नाही. त्याची बायको सुलाबाई काल संध्याकाळी धावत आली. तिच्या हातात मोबाईल होता, बोलणं झालेलं दिसत होतं. खूप काही सांगत होती आणि मला एक शब्द ऐकू येईना. यंत्र लावलं तर शिट्ट्या. लिहून दे म्हटलं, तर तिला लिहिता येत नाही. शेवटी तिने हात आडवा केला आणि खाली नेला. डोळे पुसले आणि स्वयंपाक चुलीवर आहे अशी खूण करून निघून गेली.

हात आडवा करून खाली नेला म्हणजे काय गं? ह्याचा मी रात्रभर एकच अर्थ लावतोय. सकाळी तिच्या दाराशी कसाबसा गेलो, तर कुलूप, शेतावर गेली असेल.

जे असेल ते लिही. ही चिठ्ठी गार्डच्या हाती देतोय. वाईट असलं तरी लिही. दोन ओळी लिही.

सहादू


नाशिक,
२७ फेब्रुवारी

ती. काका,

झोपलाय. सुलाबाईंच्या हाताचा अर्थ तेवढाच होता. दादा सापडला, त्याला दवाखान्यात आणलं, आणि इंजेक्शन दिल्यावर तो आडवा होऊन झोपला. तुमची चिठ्ठी कालच मिळाली, पण त्याच्याजवळून उठता आलं नाही. निवृत्तीभाऊ दोन दिवस आमच्याबरोबर थांबले, आता निघतायत. हे त्यांच्याच हाती देते. आधी त्यांचे आभार माना, मग रडा.

काका, आम्ही पोचलो तेव्हा तो तिथेच होता. लांब, चिखलात, एकटा. निवृत्तीभाऊ म्हणाले, "ताई, ह्यो काय समोर बसलाय, सरळ जाऊ ना. एवढा येढा कशापायी?" पण मी वळसा घेतला. ऊन पाठीवर येईपर्यंत चालले. मागे वळून माझ्याच पावलांचे ठसे बघितले, तर नुसते खोल खड्डे, पाऊल कुठे वळतं ते कळायची सोयच नाही. मला तेव्हाच रडू यायला लागलं होतं.

जवळ गेल्यावर तरी खात्री पटेल असं वाटलं होतं. नाही पटली. दाढी, जटा, ओठ फुटलेले, भुवई चिखलाने माखलेली. मी थोडं अंतर ठेवून उकिडवी बसले. "दादा" म्हणाले. "मी अंजू" म्हणाले, आईचं नाव घेतलं, डबा उघडून पुढे ठेवला. त्याने डोळेही हलवले नाहीत. मी पुरती हरले होते, काका. मनात आलं, हा तो नाहीच, किंवा तो असूनही आता ह्याच्यात कुणी उरलेलं नाही. दोन्हीपैकी काय जास्त वाईट तेही कळेना.

तेवढ्यात समोर पाण्यात एक पाखरू उतरलं. सडपातळ, चोच सुईसारखी सरळ. मला दिसताक्षणी कळलं तो कोण ते. आणि मी मोठ्याने निवृत्तीभाऊंना म्हणाले, "तो बघा, हिरवपाया."

"कंचा?"

"तो काय समोर. पक्का हिरवपाया."

तो माणूस तसाच बसलेला. पण मानेची शीर हलली. मी परत म्हणाले, "मला काय येत नाही का ओळखता? हिरवपायाच आहे."

"चोच बघ की."

आवाज गंजलेला, पण वैताग अगदी घरचा होता. मी मुद्दाम म्हणाले, "चोचीचं काय, पाय हिरवे आहेत ना."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पायांवर जाऊ नको, अंजे. दलदली तुतवार आहे तो."

अंजे! आई सोडून जगात मला अंजे म्हणणारा तो एकटाच.

मग मी त्याला हात लावला नाही. उठून गाडीच्या दिशेने चालायला लागले आणि दिसेल त्या पाखराला चुकीचं नाव देत गेले. टिटवीला चिखल्या म्हणाले, शेकाट्याला बगळा म्हणाले. तो माझ्या मागे मागे येत, प्रत्येकाला दुरुस्त करत, गाडीपर्यंत आला. कोरड्या जमिनीवर आल्याबरोबर त्याचं उजवं पाऊल बाहेर पडायला लागलं. तुमची दुर्बीण शर्टाच्या आत पोटाशी बांधलेली होती, एक काच फुटली आहे.

आता खरं सांगते. गाडीत बसल्यापासून तो एक शब्दही बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात, महिने लागतील, किती परत येईल ते सांगता येत नाही. आई उशाशी बसून आहे, तिला मात्र त्याने ढकललं नाही. इथल्या खिडकीत नुसते पारवे बसतात. काल मी पारव्याला कावळा म्हटलं, घार म्हटलं, शेवटी मोर म्हटलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. माझ्या चुकांची त्याला आता सवय झाली असणार.

म्हणून तुम्ही या. गुडघा बांधून या, निवृत्तीभाऊ आणतील. त्या दिवशी चुकलात म्हणून तोंड लपवू नका, मला तुमची अजून एक चूक हवी आहे. खिडकीशी उभं राहायचं आणि एखाद्या पारव्याला साफ चुकीचं नाव द्यायचं. माझं चुकलेलं तो सोडून देईल, तुमच्या तोंडून चुकीचं नाव तो ऐकून घेणार नाही. त्याचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही, ते मी लिहून देईन.

वाट बघते.

तुमची,
अंजू